गाडी वाढवायची आहे

‘हप्त्यातून एकदा चालू करत जाय. दहा मिनिटं, जास्त नाही. अन् उगाच रेस नोको देऊ, तिले आपल्या मनानं गरम होऊ दे.’ किसनरावांनी हे दवाखान्यात जायच्या दिवशी सांगितलं होतं. एक पाय ऑटोत, एक खाली, आणि हात फाटकाच्या कडीवर. वर ‘येतो’ म्हणाले होते. त्या गोष्टीला चार वर्षं झाली. त्यांच्या बायकोला, माणिकबाईला, गाडी चालवता येत नव्हती. चाबी कुठून लावायची हेही तिला तेव्हा धड ठाऊक नव्हतं. पण सांगणं कानात राहिलं आणि हळूहळू ते नेमात जाऊन बसलं, तुळशीचं पाणी, अंबादेवीचं दर्शन, नैवेद्याआधी तोंडात काही न घालणं यांच्या रांगेत. वार तिनं शनिवार धरला, कारण गाडी मारुती. यात हसण्यासारखं काही आहे असं तिच्या मनातही आलं नाही. पूजा आटोपली की ती डाव्या बाजूच्या सीटवर बसायची, कारण ती तिची जागा. उजवीकडची जागा रिकामी ठेवून वाकून चाबी फिरवायची आणि घड्याळात दहा मिनिटं होईस्तोवर रामरक्षा म्हणत राहायची. इंजिनाचा थरथराट मांड्यांतून पाठीत चढायचा, पाठीतून जिभेवर. रामरक्षेतले शब्द त्या थरथराटात किंचित हलायचे. आणि आज, बुधवारी, भर उन्हात चार वाजता, जी गाडी सकाळी हळदकुंकू लावून, चाकाखाली लिंबू ठेवून तिनं कायमची पाठवली होती, जिच्यामागे तिनं डोक्यावरून पाणी घेतलं होतं, त्या गाडीचा हॉर्न फाटकापाशी वाजला.

तिला आधी वाटलं, कानाचा खेळ आहे. दुपारची डुलकी, पंख्याचा आवाज, आणि कानाला लागलेली सवय. पण हॉर्न पुन्हा वाजला आणि मागून पंजाबरावांची हाक आली, ‘काकू! अवो काकू, फाटक उघडा, हातात कागदं हायेत!’ पंजाबराव आरटीओच्या बाहेर निंबाखाली टेबल टाकून बसणारे. किसनरावांच्या ऑफिसातल्या शिपायाचे भाऊ, म्हणून घरोब्याचे. ती पदर सावरत आली. गाडी उभी होती. बॉनेटवरचं कुंकू उन्हानं वाळून भेगाळलं होतं, पण पुसलं नव्हतं. काचेवर नवीन कागद चिकटवलेला.

‘झालं तुमचं काम,’ पंजाबराव कपाळाचा घाम पुसत म्हणाले. ‘एका दिवसात पासिंग. सायबानं चाक फिरवून पाह्यलं, लाइटा पाह्यल्या, म्हने गाडी कोनाची हाय, एवढी सुदी ठेवली! म्या म्हनलं, माऊलीची हाय. घ्या, पाच वर्षं वाढली.’

‘वाढली?’

‘हो ना. दोन हजार अठ्ठावीसपर्यंत पाहाचं कामच नाही. अन् मारुती तं चिरंजीवच असते काकू, थे आरटीओले समजत नाही, आपल्याले समजते.’ ते स्वतःच हसले, आणि तिचा चेहरा पाहून थांबले. ‘काहून? काही चुकलं काय?’

‘मी तं तुमाले सांगतलं होतं पंजाबराव... गाडी वाढवाची हाय म्हणून.’

‘मंग? वाढवलीच ना!’

पंजाबरावांच्या हातात कागद तसाच धरलेला राहिला. त्यांच्या मनगटावर बारीक लाल पुरळ होती आणि ते ती खाजवत होते. तिनं विचारलं, हे काय झालं. ‘कापूस,’ ते म्हणाले. ‘बैठकीत छतापर्यंत भरून ठेवला हाय, भाव चढीन म्हणून. चढला काय? उतरूनच राह्यला. त्यातले किडे आता साऱ्या घराले खाऊन राह्यले. बायको म्हनते, इकून टाका. म्या म्हनतो, आता कोन्या तोंडानं इकू.’ मग एकदम उजेड पडल्यासारखे ते तिच्याकडे पाहू लागले. ‘काकू, तुमाले... तोडाची होती काय?’

  उन्हात उभ्या उभ्या तिला आपलं तोंडच कुणीतरी आतून शिवल्यासारखं झालं.

हा शब्द तिच्या तोंडून आजवर निघालाच नव्हता. अंजनगावच्या पानमळ्यात, जिथं ती वाढली, तिथं चपला बाहेर काढूनच आत जायचं, आणि पान ‘तोडलं’ म्हणायचं नाही, ‘काढलं’ म्हणायचं. वेलीला ऐकू जातं, आई म्हणायची. आईच्या तोंडी असे कितीतरी शब्द होते जे खऱ्या शब्दांवर पदरासारखे ओढलेले असायचे. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दिवा विझवायचा नसतो, मोठा करायचा असतो. डब्यातलं पीठ संपलं तरी ते वाढलेलंच. कुणी जात नाही, येतो म्हणतो. संपण्यासाठी त्या घरात शब्दच नव्हता. प्रत्येक संपण्यावर वाढण्याचं पांघरूण. लग्न होऊन ती अमरावतीला आली, किसनरावांनी त्या भाषेची थट्टा केली. ‘अवं, माती परीक्षेच्या ऑफिसात नोकरी करतो मी. नत्र कमी झालं तं कमीच लिहा लागते. तुया आईसारकं वाढलं लिहिलं तं शेतकरी मले उभं चिरन.’ तिला हसू आलं होतं. पण बदलली नाही ती. आणि किसनराव गेले त्या दिवशी शेजारच्या बायांनी तिच्या हातावर हात ठेवला तेव्हा त्यांनीही तोच शब्द वापरला, हळू, जणू तो शब्द मऊ असतो. बांगड्यांचा आवाज मात्र काचेचाच आला होता. तिनं गाडीसाठीही तोच शब्द वापरला. दुसरा कोणता वापरणार होती? फोनवर पंजाबरावांना म्हणाली, गाडी आता वाढवावी म्हणते, पोरगा मनोज मागं लागला आहे. त्यांनी कागद आणले, ती सही करत गेली. वाचलं नाही. वाचलं असतं तर तो शब्द छापील अक्षरांत समोर आला असता, याचीच तिला भीती होती. सकाळी त्यांचा माणूस गाडी न्यायला आला तेव्हा ती देवघरात जाऊन बसली आणि जपाची माळ ओढत राहिली. इंजिन सुरू झाल्याचं तिनं ऐकलं, फाटक वाजल्याचं ऐकलं, पण मान वळवली नाही. न पाहता पाठवली, न बोलता पाठवली. मग ती परत आली यात नवल काय.

मनोजचा फोन रात्रीच्या जेवणाआधीच आला. पंजाबरावांनी त्याला कळवलं होतं. तो पुण्याला, बोलणं आता निम्मं तिकडचं झालेलं, पण चिडला की वऱ्हाड वर यायचं. ‘आई, स्क्रॅप म्हणायचं ना सरळ! वाढवायची काय वाढवायची! तो बिचारा काय समजीन?’

‘चुकलंच माझं.’

‘चुकलं नाही, पण... ऐक. मोडीत दिल्याचं प्रमाणपत्र मिळालं की नव्या गाडीवर सवलत मिळते, ती या महिनाअखेरपर्यंतच आहे. ते केंद्र अकोल्याच्या बाहेर आहे. सरकारमान्य आहे, काट्यावर वजन करून घेतात, सगळं नियमानं. सोमवारी दहा वाजता त्यांची उचलायची गाडी येईल. साखळीनं चढवतील आणि नेतील. तुला काहीच करायचं नाही, फक्त सही आणि ‘हो’ म्हणायचं.’

‘अन् ती काही वाईट नाही रे अजून. सायबानं पास केली.’

‘पास झाली म्हणजे चांगली असं नसतं, आई. तिला एअरबॅग नाही. पुढून आदळलं तर पत्रा कागदासारखा येतो. मी रागिणीला आणि पोरीला घेऊन दिवाळीला येतो, तेव्हा आपण त्याच गाडीत कौंडण्यपूरला जायचं म्हणतेस तू. मी नेणार नाही त्यात पोरीला. बाबांना नेलं असतं, पोरीला नाही.’ मग हळू आवाजात तो म्हणाला, ‘आणि ती दारात उभी राहून कुणाच्या कामाची आहे, सांग.’

रागिणी, सून, मागून म्हणाली, ‘आईंना ओरडू नका हो.’ मग फोनवर येऊन म्हणाली, ‘आई, तुम्ही जेवलात का?’ माणिकबाई म्हणाली, ‘सोमवारी देते म्हणावं त्याले. शब्द दिला.’

शब्द दिला खरा, पण मनाला विचारून दिला नव्हता. गुरुवार, शुक्रवार ती आपलं काम करत राहिली आणि मनात तेच दळत राहिली. जुनं द्यायचं आणि नवं घ्यायचं, हे तिला नवं नव्हतं. दारावर भांडेवाली यायची, डोक्यावर स्टीलची चळत, खांद्याला जुन्या कपड्यांचं गाठोडं. एकदा तिनं किसनरावांचा कोट दिला होता. थंडीच्या दिवसांतही ते सहसा घालत नसत, बाहीला कसर लागली होती. घासाघीस करून एक मोठं पातेलं घेतलं होतं. ते पातेलं अजून आहे, अजून चकचकीत. पण त्या वर्षी पौषात थंडी पडली, किसनरावांनी कोट शोधला आणि काही न बोलता स्वेटरावर स्वेटर घातला. ती गुन्हेगारासारखी दूध तापवत राहिली, त्याच पातेल्यात. त्यातून तिनं काय शिकावं? जुनं देऊ नये, हे? तसं म्हणावं तर कसर लागलेला कोट तो किती वर्षं टिकला असता. नवं पातेलं तर आजही दूध तापवतं. पण देताना आपण फक्त पातेल्याकडे पाहत होतो, कोटाकडे पाहिलंच नाही, एवढं मात्र खरं होतं. भांडेवालीनं कोटाचे खिसे उलटे करून पाहिले होते. आपण तेवढंही केलं नव्हतं.

आणि ही गाडी. लोखंड लोखंडात जाईल, मनोज म्हणतो. वितळेल, पुन्हा पत्रा होईल. धूर कमी होईल. हप्त्याला दहा मिनिटं चालणारी गाडी धूर तो किती करणार? आणि नवी गाडी घडवायला कुठली तरी माती खणावीच लागत असेल. माती म्हटलं की तिला दोन हजार आठ साल दिसायचं. गाडी नवीकोरी, आणि किसनराव तिच्या डिक्कीत मातीच्या पिशव्या भरून आणायचे. कापडी पिशव्या, तोंडाशी सुतळी, आत गावाचं आणि शेताचं नाव लिहिलेली चिठ्ठी. सरकारी जीप पंक्चर असायची नाहीतर साहेबांकडे, म्हणून स्वतःची गाडी. त्या वर्षांत माणसं नुसती माती घेऊन यायची. पीक हातचं गेलं की माती घेऊन यायची, जशी आजारी लेकराला कडेवर घेऊन बाई येते, आणि टेबलावर पिशवी ठेवून किसनरावांच्या तोंडाकडे पाहत राहायची. ‘सायेब, इच्यात काय कमी हाय तं सांगा, आमी घालतो.’ किसनराव घरी आल्यावर हात धुवायचे आणि धुतच राहायचे. ‘मातीत कमी काही नव्हतं,’ एकदा ते म्हणाले होते. ‘नत्र ठीक, पालाश ठीक. म्या लिहून देल्लं, माती चांगली हाय. थो मानूस रडाले लागला. त्याले वाटे, मातीचाच दोष निघाला तं बरं.’ त्यानंतर कितीतरी वेळ ते अंगणात गाडीत बसून राहिले होते, इंजिन बंद, काचा वर. आता त्या काचांतून आत पाहिलं की सीटच्या शिवणीत अजून काळी माती दिसते. झाडून निघत नाही. गाडी वितळवतील तेव्हा या मातीचं काय होत असेल, असा एक खुळा विचार तिच्या मनात येऊन बसला आणि उठेना.

शनिवारी ती नेहमीसारखी गाडीत बसली. चाबी फिरवली. इंजिन लागलं, पहिल्याच झटक्यात, आज्ञाधारक. रामरक्षा सुरू झाली. समोर बंद फाटक होतं, फाटकाच्या मधल्या पट्टीवर चिमणी बसली होती, आणि गाडी थरथरत जागच्या जागी उभी होती. मध्येच तिची रामरक्षा अडकली. कुठल्या ओळीवर होतो ते आठवेना. चार वर्षांत असं झालं नव्हतं. तिनं गाडी बंद केली, दहा मिनिटं व्हायच्या आधीच, आणि घरात येऊन अकोल्याला फोन लावला.

अब्दुल गफ्फार हे जुन्या शहरातले मिस्त्री. किसनरावांची बदली अकोल्याला होती तेव्हापासून या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. अमरावतीला परत आल्यावरही किसनराव ती सर्व्हिसिंगसाठी शंभर किलोमीटरवर, मोर्णा नदीच्या पलीकडे न्यायचे. मनोज म्हणायचा, बाबा गाडी दाखवायला नाही, गप्पा मारायला जातात. फोन कुलसुमबीनं उचलला, त्यांच्या बायकोनं. ‘माणिकभाभी! किती दिवसानं! थांबा, यायले फोन देते. अवो, अमरावतीची भाभी हाय!’

‘बोला भाभी.’ गफ्फारभाईंचा आवाज पूर्वीइतकाच जाड. तिनं सगळं सांगितलं. ‘वाढवायची’ची गोष्ट सांगितली तेव्हा ते इतके हसले की खोकला लागला. ‘या अल्ला! म्हंजे गाडीचा जनाजा निंगाला अन् गाडी चालत घरी आली!’

‘हसू नका, भाईजान. मले खरं सांगा. मोडीत द्यावी का नाही? तुमी तिचं पोट पाह्यलं आहे. मनोज म्हणते त्यात अर्थ आहे का?’

 मागे कुठे तरी कुकरची शिट्टी झाली. ‘भाभी, माझ्या धंद्यातलं सांगतो. चालती गाडी तोडनं गुन्हा हाय. उभी गाडी ठेवनं बी गुन्हाच हाय. उभ्या गाडीत रबर सडते, तेल बसते, आतून जंग लागते, वरून चमकते. आता तुमीच सांगा. तुमची गाडी चालते का उभी हाय?’

‘चालू असते,’ ती म्हणाली. ‘दर शनिवारी.’

‘चालू असते. पण चालते काय?’

 चालू असते आणि चालत नाही. हे एवढं साधं वाक्य चार वर्षं त्या सीटवर तिच्या शेजारी बसून होतं आणि तिला कधी दिसलं नव्हतं. गाडीचं होतं ते, पण तिला फक्त गाडीचं वाटेना. पहाटे चारला उठणं, पाणी, फुलं, जप, घड्याळ, बंद फाटक. किसनरावांनी ‘मी येईपर्यंत’ या अर्थानं सांगितलं होतं. ते तेवढ्यापुरतंच सांगणं होतं, तिनं त्याला नेम केलं, आणि नेम धरताना जे करायचं असतं ते केलं नाही. सोळा सोमवार धरले तर सतरावा सोमवार उद्यापनाचा असतो. किती दिवस करणार हे संकल्पातच बोलून टाकतात. ज्या व्रताला उद्यापन नाही ते अर्धवटच, कितीही वर्षं करा. ते देवालाही मोकळं सोडत नाही. हे ती दुसऱ्या बायांना सांगत आली होती, हळू आवाजात, कहाणी वाचून झाल्यावर.

‘देते मग,’ ती म्हणाली.

‘द्या. पोराचं बरोबर हाय. नव्या गाडीत लेकरू जपलं जाईन. पण एक आयका भाभी. उचलाच्या गाडीवर टाकून नोका पाठवू तिले. साखळी लावून, पुढचे पाय वर करून... मले पाहावत नाही थे. आता तं दिसतही नाही म्हना.’

‘दिसत नाही?’

‘शुगरनं डोळे खाल्ले. दीड साल झालं. दुकान भाच्याले देल्लं. पन कान हायेत. आवाजावरून सांगतो कोन्ती गाडी कोन्या मोडावर आली थे.’ मग म्हणाले, ‘तिले चालत आना. मानूस कसा म्हनते, चालत्या-बोलत्या न्यावं देवानं. केंद्र इथूनच पुढं हाय. जाताजाता दाराशी पाच मिनिटं थांबवा. मले एक वेळ आयकू द्या, साहेबाची गाडी. मंग जा म्हना.’

‘आणते,’ माणिकबाई म्हणाली. आणि हा शब्द तिनं मनाला विचारून दिला.

रविवारी तिनं मनोजला फोन करून उचलायची गाडी नको म्हणून सांगितलं. ‘मी सोता देऊन येते,’ ती म्हणाली. तो म्हणाला, ‘एवढ्या उन्हाची? तू? आई, कशाला पण?’ ती म्हणाली, ‘सकाळी निघते ना.’ तो आणखी काही विचारणार होता, पण तिच्या आवाजात असं काही होतं की त्यानं ‘बरं, पोचलीस की सांग’ एवढंच म्हटलं. मग तिनं पंजाबरावांना फोन लावला. चालवायला माणूस पाहिजे होता. ‘म्याच येतो काकू,’ ते म्हणाले. ‘माह्यामुळेच घोळ झाला.’ नंतर जरा चाचरत म्हणाले, ‘मंग म्हंजे... आता नक्की काय कराचं हाय? पुन्यांदा तसं नोको व्हाले.’

ती देवघरापाशी उभी होती. समोर समई. फोन तिनं या कानावरून त्या कानावर घेतला.

‘मोडायची आहे,’ ती म्हणाली. ‘गाडी मोडायला द्यायची आहे, पंजाबराव.’

बाहेर काही झालं नाही. समई तशीच जळत राहिली. तिला स्वतःचा आवाज जरा मोठा वाटला, एवढंच.

सोमवारी उजाडताना तिनं पूजा उरकली. सीटा ओल्या फडक्यानं पुसल्या, कप्प्यात हात घालून पाहिला: जुनी पावती, पेनाचं टोपण, दोन लवंगा. सगळं एका रुमालात बांधून घरात ठेवलं. शिवणीतली माती मात्र तिनं काढली नाही. जिथं जायचं तिथं जाऊ दे. पंजाबराव आले, त्यांच्या गळ्यापर्यंत आता पुरळ होती. ‘काल इकून टाकला कापूस,’ ते गाडीत बसता बसता म्हणाले. ‘काय भेटलं थे इचारू नोका. पन रात्री घरात सारे झोपलो.’ तिनं फाटकाला कुलूप लावलं. शेजारीण झाडत होती. तिनं विचारलं, ‘कुठं निघाल्या हो एवढ्या सकाळी?’ माणिकबाई म्हणाली, ‘अकोल्याला. एका माणसाला शब्द दिला आहे.’

गाडी बडनेऱ्याच्या रस्त्याला लागली. वाऱ्यात अजून गारवा होता. पंजाबरावांनी विचारलं, ‘मूर्तिजापूरले चहा घ्याचा का काकू?’ ती म्हणाली, ‘तुमी घ्या. मी गाडीतच बसते. अन् गाडी बंद नोका करू फार वेळ.’ गफ्फारभाई पहाटेची, फजरची नमाज झाली की ओट्यावर येऊन बसतात, कुलसुमबीनं सांगितलं होतं. आज तर ते चहासुद्धा बाहेरच मागतील. कान रस्त्याकडे करून बसलेला माणूस तिच्या डोळ्यांपुढे आला. ‘जरा पाय उचला पंजाबराव,’ ती म्हणाली, ‘ते बसले असतील.’